गुड स्कोप फॉर ॲडव्हान्समेंट

बारामती ते इंदापूर या पट्ट्यात माझ्या मावशीच्या यजमानांनी जितक्या तरुणांची प्रगती केली, तितकी कुठल्याही पुढाऱ्याला साधलेली नाही. आणि तीही पिंपळीतल्या ओट्यावर बसून, एका इंग्रजी वाक्यात. शाळेच्या कारकुनीतून निवृत्त झालेले तात्या लग्नाळू पोरांचे बायोडाटा लिहून देतात. नोकरी कसलीही असो, पगाराच्या पुढच्याच ओळीत, सुवाच्य अक्षरात, ‘गुड स्कोप फॉर ॲडव्हान्समेंट’. एमआयडीसीत कंत्राटावर दुधाचे क्रेट उचलणाऱ्याला स्कोप, उसाच्या ट्रॅक्टरवरच्या ड्रायव्हरला स्कोप, सासऱ्याच्या भरवशावर टपरी काढणार असलेल्यालाही स्कोप. वाक्य भलत्या जागी पडलेलं मात्र त्यांना खपत नाही. एकानं ते छंदांच्या खाली घातलं, तर त्याला चहाही न देता वाटेला लावलं. ‘क्रिकेट बघण्यात कसली बढती असती रं?’

मी एकदा चिडून विचारलं, ‘तात्या, ज्या कंत्राटी पोराला ठेकेदार दर वर्षी ब्रेक देऊन घरी बसवतो, त्याला कसला स्कोप?’

‘तू कामगार संघटनेची पत्रकं वाटणारा माणूस, तुला खोट्याची चीड,’ तात्या शांतपणे म्हणाले. ‘वाक्य बरोबर हाय का, एवढं मी बघतो. खरं हाय का, ते पोरीकडच्यांनी बघायचं.’

गेल्या वर्षी तात्या स्वतःच पोरीकडचे झाले. माझ्या मावसबहिणीसाठी इंदापूरच्या एका मध्यस्थानं स्थळ धाडलं. तात्या बायोडाटा मोठ्यानं वाचत पगारापुढच्या ओळीवर आले आणि खुललेच. ‘बघा, जागच्या जागी! घर सुशिक्षित दिसतंय.’

‘दिसंल की,’ मावशी आतून म्हणाली. ‘तुमीच लिवलाय त्यो.’

बहिणीनं विचारलं, ‘पण तात्या, खरं हाय का ते?’

असला प्रश्न तात्यांना आजवर पोरीकडच्या कुणी विचारला नव्हता. दुसऱ्या दिवशी माझ्या मोटारसायकलवर बसून ते एमआयडीसीत पोराच्या कंपनीच्या गेटवर हजर. पोरगा शिफ्ट संपवून आला, पाया पडला.

‘तुझ्या वर कोण हाय रं?’

‘सुपरवायझर. पण ती कंपनीची माणसं, आमी ठेकेदाराची. आमच्या वर नुसता पत्रा.’

‘मग मला तवाच का न्हाय सांगितलंस?’

‘तुमी इचारलंच न्हाय, तात्या.’

 घरी आल्यावर तात्यांनी पोरीला जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, ‘खरं बोलला नव्हं? मग येऊ द्या बघायला.’ आणि पेन घेऊन ती ओळ तिनंच खोडली.

लग्न झालं. आता तात्या येईल त्या पोराला आधी ‘तुझ्या वर कोण हाय’ ते विचारतात, आणि उत्तर ऐकून ती ओळ सोडून देतात. साहजिकच पोरं हल्ली बारामतीतल्या सायबर कॅफेत जातात. तिथं ती ओळ रंगीत मिळते. तत्त्व जिंकलं म्हणून मला आनंद व्हायला हवा होता.

परवा जावई भर दुपारी आला. ठेकेदारानं यंदाचा ब्रेक देऊन घरी बसवलं होतं.  तात्यांनी जरा सरकून शेजारी जागा केली आणि आत हाक दिली, ‘ताट वाढा गं, दोघांचं.’