चौबळांचा भुंगेरा

त्र्यंबकराव चौबळ ठाण्याला कोपरीत आमच्या शेजारी राहत. अठराशे ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. ते जंगलखात्यात कारकून होते. त्यांच्या साहेबाला किड्यांचं भारी वेड, आणि त्र्यंबकरावांचा हात चित्राला चांगला. झालं! लाकडांच्या नोंदी राहिल्या बाजूला आणि हा भला माणूस दिवसभर भिंगाखाली किडे ठेवून त्यांची चित्रं काढू लागला. आमच्या आळीला हसायला काहीतरी हवंच होतं.

किडे तरी कसले, तिळाएवढे भुंगेरे. ऐनाच्या झाडाच्या ओंडक्याची साल आणि लाकूड यांच्यामध्ये बोगदे करून राहणारे. सगळे काळे, सगळे सारखे. मला तर तीळ कोणता आणि किडा कोणता हे तो चालू लागला तरच कळे. पण त्र्यंबकराव गंभीरपणे सांगत, "अहो, हे सगळं एक कूळ आहे. या कुळात जाती किती, ते ठरवायचंय." मग मिशीच्या टोकाची गाठ बघायची, पाठ मागे कशी उतरते ते बघायचं, कपाळ बघायचं. कपाळ बघून भविष्य सांगणारे पुष्कळ पाहिले होते, जात सांगणारा हा पहिलाच.

त्यांच्या लग्नाला पंधरा वर्षं होऊन गेली होती आणि मूल नव्हतं. थोरले बंधू कल्याणला असत. त्यांना सगळेच भाऊ म्हणत. हे भाऊ अधूनमधून ठाण्याला येत आणि जेवता जेवता दुसऱ्या लग्नाचा विषय काढत. त्र्यंबकरावांची बायको रंगूबाई समोर वाढत असे. "तिला कोण घराबाहेर काढतंय? राहू दे की. पण तुझ्यामागे तुझं नाव कोण चालवणार?" असं तिच्या देखत म्हणायचं आणि तिच्याच हातची कोलंबी बोटं चाटून खायची. मला हा माणूस कधी आवडला नाही, आणि आता लपवायचं काही कारणही नाही.

अशात त्र्यंबकरावांना एक नवा भुंगेरा सापडला. या कुळातला ऐनावरचा एक भुंगेरा आधीपासून ठाऊक होता. त्याचं कपाळ फुगीर आणि गुळगुळीत, आणि विलायतेतल्या कुणा पंडिताने त्याला कधीच नाव देऊन ठेवलेलं. या नव्याचं कपाळ मात्र चपटं, त्यावर सोनेरी केसांची झालर. साहेबाने होती नव्हती तेवढी पुस्तकं चाळली, पण ही जात कुणी नोंदलेली दिसेना. साहेब मोकळ्या मनाचा होता. म्हणाला, "याला तुझंच नाव देऊ." लॅटिनमध्ये चौबळांचं झालं 'चौबाली'.

रंगूबाईने आळीत पेढे वाटले. पोरं त्र्यंबकरावांना बघितलं की "चौबाली आले रे!" म्हणून ओरडत. दिवाळीला भाऊ आले तेव्हा त्र्यंबकरावांनीच विषय काढला. "भाऊ, नावाची काळजी मिटली. विलायतेत छापून येणार. मी गेलो तरी ते कुणी पुसायचं नाही." छापील अक्षरापुढे भाऊंचं काही चालत नसे. आमची मंडळी म्हणाली, रंगूबाई इतकी मोकळी हसलेली आजच बघितली.

आता, हे किडे कल्याणच्या वखारीतून बाटल्यांत भरून ठाण्याला येत. त्यांचं घर त्र्यंबकरावांनी कधी पाहिलंच नव्हतं. पण आपल्या नावाचा किडा म्हटल्यावर त्यांना हौस आली, की त्याच्या बिऱ्हाडाचंही एक चित्र काढू. साहेबाने सांगितलं नव्हतं, कुणी मागितलं नव्हतं. आपणहून उठून कल्याणच्या वखारीत गेले, ऐनाचा एक ओंडका निवडला आणि सुरीने साल सोलली.

सालीच्या आतल्या अंगाला मधोमध एक बोगदा होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पिलांचे बारीक बोगदे, फणीच्या दात्यांसारखे. मधल्या बोगद्यात दोघं होती. पुढे ती फुगीर कपाळाची, अंडी घालत असलेली. मागे दाराशी चपट्या कपाळाचा चौबाली, तिने पोखरलेला भुसा बाहेर लोटत असलेला. त्यांनी दुसरीकडे सोलून बघितलं, तिथेही तेच. वखार बंद होईपर्यंत ते सोलत राहिले. कुठेतरी चपट्या कपाळाची मादी अंडी घालताना सापडेल अशी वेडी आशा. नाही सापडली.

नवी जात नव्हतीच ती. जुन्याच बाईचा नवरा होता.

साहेबाचा भुंगेऱ्यांवरचा निबंध पुढच्या बोटीने विलायतेला जायचा होता, आणि ही गोष्ट ठाऊक होती एकट्या त्र्यंबकरावांना. गप्प बसले असते तर किडा काही तक्रार करायला येणार नव्हता. नाव छापून आलं असतं, भाऊंचं तोंड बंद राहिलं असतं, रंगूबाईच्या डोक्यावर सवत आली नसती. मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, तोंड शिवा. आजही तेच म्हणेन.

घरी येऊन पानावर बसले, पण भात नुसता चिवडत राहिले. रंगूबाईने खोदून खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. तिला आधी हसूच आलं. "कमाल आहे बाई! एवढे दिवस काचेतून बघताय, आणि बाई कुठली न् बुवा कुठला ते कळलं नाही?" मग म्हणाली, "आता त्याचं नाव?"

"आधी जिला दिलं तिचंच राहणार. तसा नियमच आहे. याचं खोडायचं."

"म्हणजे नवऱ्याला बायकोचं नाव लागायचं?"

"तसंच."

मग पुढचं सगळं तिच्या ध्यानात आलं. नंतर तिने आमच्या मंडळींना सांगितलं, "वाटलं, यांचे पाय धरावे आणि म्हणावं, नका सांगू." पण ती तसं म्हणाली नाही. म्हणाली, "खोटं नाव छापलंत तर उतरलेलं तोंड घेऊन रोज माझ्यासमोर बसाल. सांगून टाका."

त्र्यंबकरावांनी दुसऱ्या दिवशी ती साल साहेबापुढे ठेवली. साहेब बराच वेळ भिंगातून बघत बसला आणि मग त्याने 'चौबाली' स्वतःच्या हाताने खोडलं.

होळीला भाऊ आले ते भिवंडीच्या एका मुलीची पत्रिका खिशात घेऊनच. मलाही त्या दिवशी तिथेच जेवण होतं. पहिला भात संपायच्या आत भाऊंनी सुरुवात केली, "किडाही गेला म्हणे. आता तरी ऐकशील? नाव बुडालं की रे तुझं."

रंगूबाई भाताचं पातेलं घेऊन उभी होती, ती तिथेच थांबली.

त्र्यंबकराव पानावरून मान वर न करता म्हणाले, "भाऊ, त्याचंही नाव बुडालं. म्हणून तो काय घर सोडून गेला? तिच्या दाराशी बसून भुसा काढतोय."

भाऊंना यातलं काही कळलं नाही. ती साल मी पाहिली होती, म्हणून मला कळलं. रंगूबाईला तर कळलंच. तिचे डोळे भरून आले होते, ते तिने पुसलेही नाहीत. पुढे झाली, भाऊंच्या पानात भाताची आणखी एक मूद वाढली आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "सावकाश होऊ द्या."

भाऊंसमोर तिने तोंड उघडलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पत्रिका खिशातच राहिली.