नऊशे किलोमीटर, हात मांडीवर

गल्लीत त्याला सगळे उस्ताद म्हणत. उभा जन्म ट्रक चालवण्यात गेला, पण दुसऱ्याच्या गाडीत गडी कधी सुखानं बसला नाही. एकदा मेहुण्याच्या गाडीतून लग्नाला निघाला, तर नसलेला ब्रेक दाबून दाबून उजवा पाय भरून आला. शेवटी मेहुण्यानंच हात जोडले आणि चावी त्याच्या हवाली केली.

बायको दूर लेकीच्या शहरात गेली होती. तिथं पोटात दुखायला लागलं, तपासण्या झाल्या, गाठ निघाली. संध्याकाळी लेकीचा रडत फोन आला. ऑपरेशन उद्या दुपारी, थांबण्यात धोका, आणि आई हटून बसलीय की तुझे बाबा आल्याशिवाय मी भूल घेणार नाही.

उस्तादानं लगेच हिशेब मांडला, तो अर्थातच रस्त्याचा. साडेतेराशे किलोमीटर. रात्रभर न झोपता हाकली तरी दुपार टळणार. जावई म्हणाला, विमानानं नऊशेच भरतं, दोन तासांत पोचाल.

"मग मधले साडेचारशे कुठं गेले?"

जावयानं समजावलं, विमानाला डोंगराला वळसा घालावा लागत नाही. हे उस्तादाच्या जिव्हारी लागलं. ज्या डोंगराला त्यानं उमेदीची सगळी वर्षं वळसे घातले, तो कुणी असा खुशाल ओलांडून जावा! पण अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. उस्तादानं विमानाचे धरले. सकाळचं तिकीट काढ, म्हणाला.

विमानतळावर सवयीनं तो आधी टायर बघायला निघाला. पलीकडे कुणी सोडेना, तेव्हा काचेला नाक लावून दिसले तेवढे पाहिले. आत मधली जागा मिळाली. समोर रस्ता नाही, नुसती खुर्चीची पाठ. विमान धावायला लागलं तसा त्याचा पाय ब्रेक शोधू लागला आणि समोरच्या खुर्चीवर आपटला. शेजारच्या बाईंनी विचारलं, बरं वाटतंय ना? नाही, तो म्हणाला, पण जायचंय. मग दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि काही झालं तरी इथून हलवायचे नाहीत, असं स्वतःला बजावलं. वर दणके बसले, माणसं खुर्च्यांना धरून राहिली. ह्याचे हात होते तिथंच होते.

दवाखान्यात बायकोला स्ट्रेचरवर घेतलं होतं. तोंड सुकून गेलेलं. त्याला पाहिल्यावर तिनं आधी विचारलं, काही खाल्लंत का. मग त्याचा हात घट्ट धरला.

"भीती वाटते हो. एकदा झोपवलं की माझ्या हातात काहीच राहणार नाही."

एरवी तो म्हणाला असता, त्यात काय घाबरायचं. आज ते तोंडातून निघेना.

"मलाही वाटली," तो म्हणाला. "अख्खी वाट वाटत होती. चालवणाऱ्याचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं."

"मग काय केलंत?"

"काही नाही. बसून राहिलो. त्यांनी आणलं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. ह्या माणसानं पोटच्या पोरीलाही कधी गाडीची चावी दिली नव्हती. तिनं त्याचा हात सोडला आणि नर्सला म्हणाली, "चला, न्या आता."