साळुबाईचं निदान

नारायणगावच्या मार्केटात साळुबाई टोमॅटो निवडायला बसली की शेजारणींना तोंड उघडायची सोय नसायची. कुणाचं लग्न का अडलं, कुणाची म्हैस का आटली, सगळ्याचा निकाल बाई हातासरशी लावून टाकायची. पोटचं पोर नव्हतं, म्हणून सगळा जीव भाची हर्षालीत. ओतूरला भावाकडं गेली की आधी पोरीच्या तोंडात घास, मग "कशी हायेस?"

ही तेरा वर्षांची हर्षाली अलीकडं वाळत चालली होती. पोट दुखायचं, ताट सरकवायची, उंचीही वाढेना. एकदा धुणं धुताना साळुबाईला तिच्या सलवारीवर रक्ताचा डाग दिसला आणि बाईनं अंगणातूनच जाहीर केलं, "अगं बया, पोर शहाणी झाली! तरीच म्हणलं पोट का दुखतंय!" झालं! हिरवी साडी आली, ओटी भरली, आळीतल्या बायकांनी पोरीला पाटावर बसवून गाणी म्हटली. वर डिंकाचे लाडू. पोरीनं एक खाल्ला आणि संडास गाठला.

लाडू काही अंगी लागेनात, तेव्हा भाऊ गोरखनं पोरीला पुण्याला मुलांच्या पोटाच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. साळुबाई संगं होतीच.

"पाळी सुरू झालीय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"झाली की! लई थाटात केलं आमी," साळुबाई म्हणाली.

हर्षाली खाली मान घालून पुटपुटली, "न्हाई आत्या. रगत संडासातून येतंय. तुमी सगळ्या एवढ्या खूश व्हत्या, मी कसं सांगू?"

एवढ्या बायका जमल्या, पण पोरीला विचारलं एकीनंही नव्हतं.

मग तपासण्या झाल्या. भूल देऊन वरून-खालून दुर्बीण घातली, आतड्याचे बारीक तुकडे तपासले.

"आतड्यांना सूज आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यात मुख्य दोन प्रकार. एक मोठ्या आतड्यापुरता राहतो. दुसरा तोंडापासून खालपर्यंत कुठंही होतो, मध्येमध्ये चांगली जागा सोडून. हिच्या लहान आतड्यातही जखमा आहेत, म्हणजे हा दुसरा, क्रोन्स. वाढ खुंटली ती यामुळंच."

"बरी व्हईल ना वो?" साळुबाईनं विचारलं.

"आजार कायमचा आहे, पण आटोक्यात राहतो. आधी काही आठवडे फक्त ही पोषणाची पावडर पाण्यात कालवून द्यायची, म्हणजे आतड्यांची सूज उतरेल. भाकरीचा तुकडासुद्धा नाही."

आता आली का पंचाईत! घास भरवल्याशिवाय जिला माया करता येत नाही, तिला हे सांगणं! पण साळुबाई मार्केट सोडून ओतूरलाच राहिली. पावडरीचा एक घोट स्वतः घेऊन बघितला, कसाबसा गिळला आणि "बासुंदीच हाय गं," म्हणून बेधडक खोटं बोलली.

पोट दुखायचं थांबलं, रक्त थांबलं. एका सकाळी साळुबाई भाकरी थापत असताना हर्षाली चुलीपाशी येऊन उभी राहिली. "आत्या, लई भूक लागलीय. एक भाकर दे ना."

कितीतरी महिन्यांत पोरीनं खायला मागितलं नव्हतं. साळुबाईनं हात धुतले, पावडर कालवली आणि पेला तिच्यापुढं धरला.

"न्हाई मिळायची," असं म्हणत ती हसत होती आणि डोळ्यांतलं पाणी काही केल्या थांबत नव्हतं.