मामाने मोजलेली नाडी

आमचा मामा रक्त काढतो. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये, गेली वीस वर्षं. मी तिथेच काउंटरवर पावत्या फाडते, त्यामुळे हा माणूस मला घरीही झेलावा लागतो आणि कामावरही. प्रेम हा निव्वळ रसायनांचा खेळ आहे, असं त्याचं ठाम मत. माझं लग्न ठरलं तेव्हा घरातले सगळे खूश, आणि हा म्हणाला, "घाई नको. सध्या तुझ्या मेंदूत डोपामिन चढलंय. दीड वर्षाने उतरेल, तेव्हा मुलगा कसा दिसतो ते बघ." मुलगा समोरच बसला होता!

असा हा शहाणा माणूस पंचेचाळिसाव्या वर्षी पुरता कामातून गेला. तलावावर मुलांना पोहायला शिकवणाऱ्या एक बाई दर सहा महिन्यांनी तपासणीला यायच्या. त्या येणार असल्या की मामा दोनदा दाढी करायचा. भूक गेली, झोप उडाली. मग याने काय करावं? स्वतःचं रक्त काढलं. साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन, सगळं तपासलं आणि रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून माझ्यावरच डाफरला, "अगं, मग मला होतंय तरी काय?"

मी सांगितलं काय होतंय ते.

"छे! ते तीन वर्षं टिकत नाही."

तीन वर्षं! आणि या माणसाने चकार शब्द काढला नव्हता.

एका मंगळवारी बाई अवचित आल्या, हातात फॉर्म. दुसऱ्या गावी मोठ्या तलावावर नोकरी लागली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं, त्यासाठी वजन, रक्त, नाडी भरून हवी होती. मी मामाला कोपऱ्यात घेतलं आणि बजावलं, "आज बोल. नाहीतर जन्मभर सुया टोचत बस."

मामा मान डोलावून पडद्याआड गेला. मशीनची बॅटरी संपली होती, म्हणून नाडी हातानेच मोजायची होती. मी पावत्या सोडून कान लावले. मग मामाचा आवाज आला, "एकशे अठरा!"

"काय?"

"ठोके. बाई, घाबरू नका. पण तुम्ही प्रेमात पडला आहात."

माझ्या हातातलं पेन गळून पडलं. बाकावरच्या आजोबांनी कानातलं यंत्र नीट बसवलं.

"कोणाच्या?" बाईंनी विचारलं.

"ते नाडीवरून कळत नाही."

मला राहवेना. मी पडदा सारला. मामा घामाघूम, आणि बाईंच्या मनगटावर त्याचा अंगठा! शीर दाबून धरायची वीस वर्षांची सवय, दुसरं काय.

"अहो, अंगठ्याने नाडी मोजत नाहीत," बाई हसू दाबत म्हणाल्या. "अंगठ्याला स्वतःचे ठोके असतात. माझ्याकडची सात वर्षांची पोरंसुद्धा सांगतील."

"म्हणजे हे एकशे अठरा..."

"तुमचे."

तीन वर्षं लपवलेलं गुपित मामाने स्वतःच मोजून मोठ्याने वाचून दाखवलं होतं. मला हसू आवरेना, आणि त्याची दयाही आली.

बाईंनी हात पुन्हा पुढे केला. "आता बोटांनी मोजा."

मामाने तीन बोटं टेकवली, घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिट मोजलं. "बहात्तर," तो पडेल आवाजात म्हणाला. "नॉर्मल आहे." आणि लिहायला वळला.

"थांबा. आधी माझे जुने कागद काढा."

मीच काढले. पन्नास, बावन्न, पन्नास. रोज पोहणाऱ्या माणसाची नाडी संथच चालते. मामाने आकडे वाचले, बाईंकडे बघितलं, पुन्हा आकडे वाचले.

"मग आज एवढी वाढली कशाने?"

"तुम्हीच सांगा. मोजताय तुम्ही."

मामाने पुन्हा त्यांचं मनगट धरलं. "सोमवारी जाऊ नका," एवढंच बोलला.

"जाणार," बाई म्हणाल्या. त्यांनी हात मात्र सोडवून घेतला नव्हता. "पण तुम्हाला काढायला तिथल्या माणसांच्या अंगात रक्त नसतं का?"