सासऱ्यांच्या रानाचा थ्री-डी नकाशा

हसणार असाल तर कप आधी खाली ठेवा. फजिती माझी आहे, आणि तीही सासरवाडीतली!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी साताऱ्यात इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचो. लग्न नुकतंच झालं होतं. सासरे तासगावचे, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. द्राक्षबागेसाठी त्यांनी नवं रान घेतलं होतं आणि पावसाचं पाणी साठवायला तिथं तळं खोदायचं होतं. मोजणीवाल्याकडून रान मोजून घेतलं आणि आकड्यांचा तक्ता माझ्याकडं पाठवला. सोबत निरोप, "जावयबापू, सखल जागा कुठं हाय तेवढं तुमच्या कॉम्प्युटरला इचारा."

आता जावयाच्या इज्जतीचा प्रश्न! रान मी पाहिलंही नव्हतं. पण पाहायचं कशाला? तक्ता एडिटरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या पाटीवर, टाइप करायचा, तिथूनच नकाशे काढणाऱ्या प्रोग्रामला हुकूम सोडायचा, की पडद्यावर अख्खं रान उभं!

उभं काय राहिलं? नुसता रेघांचा गुंता.

शेजारी माझा दोस्त कांबळे बसायचा. तोही तिथलाच मास्तर. तो डोकावला. "हे रान आहे का मांजरानं खेळवलेली लोकर?"

"गप रे. आकडे तर सगळे बरोबर आहेत."

"तक्त्यातल्या रांगांच्या मधल्या रिकाम्या ओळी कुठायत?"

"काढून टाकल्या. तक्ता कसा विस्कटल्यासारखा दिसत होता!"

"अरे गड्या, एक रांग संपून दुसरी सुरू झाली हे प्रोग्रामला कळणार कसं? तो सगळ्यांना एकाच दोरीत ओवतोय."

मुकाट्यानं ओळी परत घातल्या. तरी एका कोपऱ्यात भोक पडलेलं. शून्याच्या जागी मी इंग्रजी 'ओ' दाबला होता! तोही सुधारला आणि काय सांगू, पडद्यावर देखणं रान उमटलं. वरच्या टोकाला खोलगट खड्डा. तळ्यासाठीच घडवलेला जणू! नकाशा छापला आणि तासगावची एसटी धरली.

रानात सासरे, दोन शेजारी आणि ट्रॅक्टरवाला तयारच होते. सासऱ्यांनी कागद पाहिला, कपाळाला आठी घातली.

"आवं, पर त्या अंगाला तर..."

"मामा, डोळे फसवतात. आकडे नाही फसवत."

फौजी माणूस. नकाशा म्हणजे त्याला हुकूमच.

"चला, खड्ड्यात उतरू!" म्हणत मी कागद नाकासमोर धरून पुढं निघालो. बाकीचे मागं. थोड्या वेळानं दम लागायला लागला. मनात म्हटलं, खुर्चीत बसून बसून शरीर पार गेलं, उतारालाही धाप लागते! पोटऱ्या भरून आल्या, सदरा भिजला. शेवटी नेमक्या जागी पोचलो आणि कागद खाली घेतला.

खाली बेदाण्याच्या शेडा. पलीकडं रस्ता. त्यावर काडेपेटीएवढी एसटी.

मग सासरे शांतपणे म्हणाले, "जावयबापू, तुमच्या खड्ड्यातनं गाव लय झ्याक दिसतंय!"

ट्रॅक्टरवाला तर हसून हसून खालीच बसला.

झालं होतं असं. मोजणीत जागोजागी आकड्यांची पट्टी उभी करून दुर्बिणीतून वाचतात. दुर्बीण एकाच पातळीत, म्हणून जमीन जितकी खाली, तितका आकडा मोठा. तेच आकडे मी उंची समजून भरले आणि सगळं रान उलटं झालं!

तळं मात्र झालं हो. सासऱ्यांनी ते माझ्या नकाशातल्या सगळ्यात उंच शिखरावर खोदलं, आणि ते दरवर्षी काठोकाठ भरतं.