मुकेपणाचा फोटो

आमचे शेजारी कचरू साळवे यांनी खडकीच्या कारखान्यात तीस वर्षं मालातले दोष शोधून रीतसर नोंदवले. निवृत्तीनंतर त्यांची दृष्टी गेली. तेव्हापासून लिनक्स या फुकट प्रणालीवर चालणारा कंप्युटर त्यांना मराठी पुस्तकं वाचून दाखवी. जूनमध्ये प्रणालीच्या नव्या आवृत्तीची सूचना आली. मीच घाईने ‘हो’ दाबलं, आणि मराठी आवाज बंद पडला.

साळव्यांनी तक्रार सांगितली, मी टाइप करून प्रणाली बनवणाऱ्यांना पाठवली. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, सगळं चोख. महिन्याने उत्तर आलं, ‘स्क्रीनचा फोटो जोडा.’

“मुकेपणाचा फोटो कसा काढायचा, सुनीतीताई?”

“तुमचाच काढून पाठवते. सध्या तसेच दिसता.”

तेव्हा ते हसले होते. पुढे आम्ही तीनदा लिहिलं. काल कळलं, आवृत्ती जुनी झाली म्हणून तक्रार बंद केली आहे. नवी घ्या, दोष राहिला तर पुन्हा कळवा. नवी मी आधीच टाकली होती. आवाज नाहीच.

“पुन्हा लिहायचं?” मी विचारलं.

“नको. दोष तसाच ठेवून कागद बंद करणाऱ्यांना किती लिहायचं?”

हल्ली रोज दोन पानं मीच वाचून दाखवते. मला काचबिंदू झालाय, हे अजून त्यांना सांगितलेलं नाही.