न मागितलेले चाळीस टक्के

नियम करणाऱ्यांबद्दल माझं मत वाईट आहे आणि ते मी गल्ल्यावर बसून रोज फुकट देतो. आमच्या बेळगावात ज्वारी बैलहोंगलची येते, मिरची ब्याडगीची, गूळ कोल्हापूरचा. एका स्वयंपाकघरात सगळं विनातक्रार शिजतं. भांडण लागतं ते दारावरच्या बोर्डापाशी.

माझी खानावळ उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत आहे. त्याआधी नऊ वर्षं मी तिथल्याच एका फौंड्रीत ओतकाम केलं. शेजारच्या साच्यावर येळ्ळूर या मराठी गावचा एक जण होता, माझ्याहून मोठा. त्याला सगळे अण्णा म्हणत. माझ्याकडे डबा नसायचा, तेव्हा त्याच्या दोन भाकऱ्यांतली एक माझी असायची. पुढं मी खानावळ काढली, तसा तो गावातले दहा जण घेऊन रोज दुपारी जेवायला येऊ लागला. एक वाजला की त्यांच्या मोटारसायकली दारात.

मागच्या वर्षी पालिकेचा माणूस येऊन सांगून गेला, बोर्डाचा साठ टक्के भाग कन्नडात हवा, तोही वरच्या बाजूला, नाहीतर दंड. माझा बोर्ड मराठी होता, खाली कन्नडची एक बारीक ओळ. मी त्याच्याशी तासभर वाद घातला. म्हटलं, आत येऊन आधी जेवा, मग मोजा. तो जेवला, पैसे दिले आणि तेच परत सांगून गेला.

पेंटरला बोलावलं. तो म्हणाला, दोन्ही भाषा मापात बसवायच्या तर सगळं खरवडून नव्यानं आखावं लागेल, जास्त पडतील. नुसतं कन्नड लिहायचं तर निम्म्यात होईल. मी हिशेबी माणूस. डोकं लगेच चाललं. येळ्ळूरच्या माणसांना दार माहीत आहे, त्यांना बोर्ड कशाला? बोर्ड लागतो हुबळीकडून येणाऱ्या ट्रकवाल्याला. नुसतं कन्नड लिहून घेतलं, वर त्या निम्म्यातूनही थोडे कमी करून घेतले आणि दिवसभर खुशीत होतो.

दुसऱ्या दिवशी एक वाजता मोटारसायकली आल्या. कुणी खाली उतरलं नाही. अण्णानं वर पाहिलं, गाडी वळवली, आणि सगळे त्याच्यामागून गेले.

चार दिवस अकरा ताटं पालथी राहिली. माझं डोकं फिरलं. एक नोव्हेंबरला, काळ्या दिनाला, दरवर्षी शटर ओढून मराठीच्या मोर्चात चालणारा मी, आणि हे मला शिकवणार? पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत थेट फौंड्रीच्या गेटवर गेलो. सगळे झाडाखाली घरचे डबे उघडून बसले होते.

"अण्णा, तुमच्या पोटाला आता माझी भाकरी बाटली व्हय?"

"भाकरीला कोण काय म्हणतंय?" त्यानं मान वर केली नाही.

"मग? कायदा मी केला काय? दंड तुमी भरणार?"

"बस. चटणी खा."

"चटणी ऱ्हाऊ द्या. माझी बायको काकतीची, घरात कन्नड बोलती. तिच्या हातची पुंडीची भाजी मागून मागून खाल्लीसा. तवा भाषा न्हाय आठवली?"

"वहिनींनी कन्नड लावलं असतं तर मी हार घेऊन आलो असतो," तो म्हणाला. "त्यांची भाषाच हाय ती. तू लावलास. का लावलास, सांग बघू."

पेंटर त्यांच्याच गावचा होता. त्यांना सगळं कळलेलं होतं.

"सरकारनं साठ मागितलं," अण्णा म्हणाला. "चाळीस तुझ्याकडं ठेवलं होतं. कोथिंबिरीच्या पेंडीला दोन रुपये सोडत न्हाईस तू. कोथिंबीरवाली म्हातारी तुला बघून वाट बदलती. आणि हे चाळीस कुणी न मागता देऊन बसलास?"

दहाही जण हसले. मी त्यांना नाही नाही ते बोलून घरी आलो. आयुष्यभर सौदे केले, पण समोरच्यानं मागितलं नसताना काही सोडलं, असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

बायकोला सांगितलं, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मला विचारलंत? मी दोन्ही ठेवा म्हणाले असते. मला दोन्ही वाचता येतात."

पेंटरला परत बोलावलं. लबाडानं आता पहिल्यापेक्षा जास्त सांगितले. मी भांडलो. तो उठून निघाला, तसा त्यानं सांगितलेल्या भावाला कबूल झालो. बोर्ड रंगवून आणला तेव्हा टेप घेऊन शिडीवर चढलो. कन्नड वर, मोठं, मापात. खालचं मराठी चाळीस टक्क्यांना बोटभर कमी भरलं.

"बोटभरानं काय होतंय मालक?" खालून पेंटर ओरडला. "कोण मोजतंय?"

"मी मोजतोय," मी म्हणालो आणि बोर्ड परत पाठवला.

आता बोर्ड पुरत्या मापाचा आहे. दहा जण हळूहळू परत आले. अण्णा झाडाखालीच जेवतो. सोमवारी मी त्याला विचारलं, आता काय राहिलं? तो म्हणाला, "पेंटरला आधी कमी दिलेलं दे जा." हा भाव मला मान्य नाही. उद्या परत त्या झाडाखाली जाणार आहे, घासाघीस करायला.